बांधलेली गन

तात्यांच्या घरात पाणी आणायला कुणी कुणाला पाठवायचं नाही, हा नियम मला बोरीत राहायला आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी कळला. मी बोरी बुद्रुकच्या शाळेत नव्याने रुजू झालेली बाई, तात्यांच्या ओट्याला लागून असलेली खोली भाड्याने घेतलेली. सामान लावून घसा कोरडा पडला, म्हणून अंगणातल्या त्यांच्या नातवाला म्हटलं, हापशावरून एक कळशी आणतोस का रे? पोरगं उठायच्या आत सत्तरीचा एक उंच, वाळका म्हातारा ओट्यावरून उठला, माझ्या हातून कळशी घेतली आणि चालू लागला. मी ओशाळून मागे धावले. "पाण्याला कुणाला धाडायचं न्हाई, बाई," ते चालता चालताच म्हणाले. "आपलं आपण आणायचं." आल्या आल्या आपल्या आळसाचा पंचनामा झाला असं वाटून मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग त्यांच्या सुनेने मला समजावलं. पाहुणा आला तरी तात्या स्वतः उठून तांब्या भरून आणतात, लढाईवरून आले तेव्हापासून असंच आहे, असं तिची सासू सांगायची. गावाने याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला होता. कुणी म्हणे फौजी शिस्त, कुणी म्हणे बायकांवरची दया. गावातल्या बाया तर तात्यांचं नाव घेऊन आपल्या नवऱ्यांना टोमणे मारून घ्यायच्या.

तात्या दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, मशीनगनच्या पलटणीत. परत आल्यावर त्यांनी शेती केली, कांदा केला, पोरांची लग्नं केली, पण ती गन काही त्यांच्या अंगातून गेली नाही. तिपाईवर बसवलेल्या त्या गनची एक रीत असे. गोळ्यांची एक झोड सोडली की मुठीला तळहाताने हलकी टपली मारायची, म्हणजे नळी जराशी सरकते, मग पुन्हा झोड, पुन्हा टपली. पन्नास वर्षांनंतरही तात्यांचा उजवा तळहात टपल्या मारायचा. रेडिओ खरखरला, टपली. टीव्हीतलं चित्र हललं, टपली. माझी स्कूटर एकदा काही केल्या सुरू होईना, तिलाही टपली बसली आणि ती चक्क सुरू झाली. तेव्हापासून गॅरेज गाठण्याआधी मी तात्यांना हाक मारू लागले.

लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी उभं राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघायचे आणि पाठीशी भिंत येईल अशी जागा धरायचे. "डावी हद्द आचारी, उजवी हद्द वाजंत्री," असं गनच्या माऱ्याच्या हद्दी आखाव्यात तसं शेजारी बसलेल्याला सांगायचे. त्या दोन हद्दींमधून एखादं पोर पळत गेलं की त्यांचा घास हातातच थांबायचा. कांद्याची रोपं लावताना वाफ्याच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी सगळेच ताणतात, तात्याही ताणायचे. पण सुतळी ताणून झाली की ते पहिल्या खुंटीमागे उकिडवे बसायचे आणि एक डोळा मिटून दुसऱ्या खुंटीकडे बघत राहायचे. मुलगा बांधावरून म्हणायचा, "तात्या, कांदं लावायचंत, कुणाला मारायचं न्हाई." मग ते भानावर यायचे आणि रोपांची पेंडी सोडायला घ्यायचे.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. गन बांधली की बांधली. मुलाने ट्रॅक्टर ठरवला आणि मग पाय मागे घ्यायला लागला, तेव्हा हे वाक्य. मी पुण्याजवळ बदली मागावी की नाही यावर रोज वेगळं बोलू लागले, तेव्हाही हेच. गन बांधणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ते कळलं पंधरा ऑगस्टला. आमच्या हेडमास्तरांना वक्ते म्हणून तात्या हवे असायचे आणि भाषण मात्र तात्यांचं नको असायचं, कारण तात्या शौर्याचं एक अक्षर बोलत नसत. गन कशी पुसायची, तेल किती घालायचं, नळी गार ठेवणारं तिच्याभोवतीच्या कवचातलं पाणी उकळायला लागलं की वाफ कशी बाहेर काढायची, असलं सगळं ते सावकाश सांगत. त्या वर्षी सातवीतल्या एकाने उभं राहून विचारलं की तुम्ही शत्रूचे किती सैनिक मारले. "दिसत न्हाई ते, पोरा," तात्या म्हणाले. "रातची गन बांधलेली असती. म्होरं कोण हाये ते बघायचं न्हाई. पण एक ठावं हाये मला. तो आपलाच व्हता." हेडमास्तरांनी घाईघाईने मुलांना घोषणा द्यायला सांगितल्या आणि खाऊवाटप सुरू झालं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसले आणि विचारलं. तात्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. लपवायचं असं त्यांच्या मनात काही नव्हतं. बायकोला सांगून झालं होतं, मुलाला सांगून झालं होतं. सगळ्यांनी ऐकून घेऊन एकच म्हटलं होतं, जाऊ द्या तात्या, लढाईत व्हतं असं.

एका नदीकाठच्या डोंगरावर दगडांच्या खड्ड्यात त्यांची गन होती. दिवसा डोकं वर काढायची सोय नव्हती. तिघं जण अंग चोरून पडून राहायचे, तिथेच खायचे, तिथेच बाकीचं उरकायचे. अंधार पडला की गन बांधायची, म्हणजे दिवसा हेरून ठेवलेल्या एका रेषेवर ती पक्की करून ठेवायची. रात्री काही दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. खालच्या आपल्या कंपनीने आभाळात दिवा सोडला की त्या रेषेवर गोळीबार सुरू करायचा. विचारायचं नाही, वाट बघायची नाही.

गन चालवणारा एक नंबर तात्या. गोळ्यांचा पट्टा सरकवणारा दोन नंबर भिवा, घाटघरचा. तिसऱ्याला त्या रात्री ताप चढला होता आणि कवचातलं पाणी संपत आलं होतं. पाण्यावाचून गन चालत नाही. तात्यांनीच भिवाला सांगितलं, ओढ्यावरून डबा भरून आण, डावीकडून जा आणि डावीकडूनच ये. तो गेला डावीकडून. येताना भरलेला डबा जड, वाट निसरडी, म्हणून बहुधा सरळ वर चढला. तेवढ्यात खालून दिवा सुटला.

"मी थांबलो, बाई," तात्या म्हणाले. "दोन श्वास थांबलो. खाली आमची सगळी कंपनी व्हती. मंग चालवली."

उजाडल्यावर भिवा त्या रेषेवरच पडलेला दिसला, डब्याची कडी हातात तशीच. त्याला उचलायच्या आत तोफांचा मारा सुरू झाला आणि जागा सोडायचा हुकूम आला. तिसरा गडी पुढे तापातच गेला. तात्यांनी सुभेदाराला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, तू हुकूम पाळलास, आता तोंड बंद ठेव. कागदोपत्री भिवा बेपत्ता लागला. जवळच्या गावातल्या शेतकऱ्यांशी त्याची ओळख झालेली होती, त्यामुळे भिवा पळून जाऊन तिकडेच राहिला असं पलटणीत सगळे बोलू लागले.

"भिवा पळाला न्हाई. एवढं कुठंतरी लिहिलं पायजे," तात्या म्हणाले. त्यांना आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं.

मी म्हटलं, निदान त्याच्या घरी तरी सांगायचं होतं. तेव्हा ते तळहात गुडघ्यावर चोळू लागले. लढाई संपून परत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ते सांगायलाच गेले होते. जुन्नरहून घाटघरपर्यंत पायी, भर उन्हात. आपल्याकडे मयताचा सांगावा घेऊन जाणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो, सांगतो आणि मागे फिरतो. हे तात्यांना माहीत नव्हतं असं नाही, बोरीतल्या पोरासोरांनाही ते माहीत असतं. पण ते अंगणात पोचले तेव्हा घशात काटे उभे राहिलेले. सोळा-सतरा वर्षांची एक पोर तांब्या घेऊन समोर आली आणि तात्यांनी तो घेऊन तोंडाला लावला. पाणी पोटात गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय करून बसलो ते. ती पोर म्हणजे भिवाची बायको, चिमा. आधी तिचा चेहरा पांढराफटक होता, म्हणाले. ह्यांनी पाणी प्यायलेलं बघून ती हसली, घरात पळाली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, वंगाळ काय न्हाई."

त्यानंतर सांगायचं तोंड तात्यांना उरलं नाही. भिवाची आई बाहेर आली, चिमाने भाकरी टाकली, ते जेवले. कधी येईल, या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नव्हतं. आणि त्या एका तांब्यावर चिमा पन्नास वर्षं कुंकू लावून बसली होती.

दोन-तीन वर्षांनी बोरीत एक जीप आली. पलटणीचा युद्धकाळातला इतिहास लिहायला घेतलेले एक निवृत्त मेजर होते. हिंदी बोलणारे, मोठे सभ्य, टेपरेकॉर्डर घेऊन आलेले. तात्यांची लष्करी हिंदी आता गंजलेली आणि मेजरसाहेबांना इथलं मराठी कळेना, म्हणून मला मध्ये बसवलं. मेजर म्हणाले, ही पलटण एका जागी कधी लढलीच नाही. चार गन या ब्रिगेडला दिलेल्या, चार त्या ब्रिगेडला. बाकीच्या पलटणींचे इतिहास तयार आहेत, इथे मात्र एकेका गनचा माणूस शोधत फिरावं लागतं आणि बहुतेक गनांचं कुणी उरलेलं नाही. तात्यांच्या गनचा, सुदैवाने, एक माणूस होता.

तात्यांनी सगळं सांगितलं. टेप संपला तेव्हा मेजरांनी तो बराच वेळ उलटा लावला नाही. मग म्हणाले, मी भिवाचं नाव बेपत्तांतून काढून शहिदांत घालतो, शत्रूच्या गोळीने पडला असं लिहितो, कुणाचंच वाईट होणार नाही. तात्यांनी मान हलवली. "शत्रूच्या न्हाई. माझ्या. लिहायचं तर खरं लिवा." मेजर तेही लिहायला तयार झाले. एवढंच म्हणाले की छापण्याआधी घरच्यांना कळायला हवं, पुस्तकातून कळता कामा नये. हे इतकं रास्त होतं की मला त्यांचा रागच आला.

म्हणून तात्या आणि मी घाटघरला गेलो. नारायणगावला एसटी बदलली, जुन्नरला पुन्हा बदलली. तात्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. एवढं ऊन आहे, जुन्नरच्या स्टँडवर तरी प्या, म्हटलं, तर नाही म्हणाले. तहान लागली तर लागू दे, या वेळी चुकायचं नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी मास्तरीण माणूस, मला वाटलं तहानेल्या माणसाने आधी पोटभर पिऊन जावं, म्हणजे तिथे मोह होणार नाही. पण बोलले नाही.

चिमाबाई अंगणात हिरडा वाळत घालत होत्या. पासष्टीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत. घर दिराच्या मुलाचं, पण घरात शब्द त्यांचा. त्यांनी तात्यांना पाहिलं आणि ओळखलं. पन्नास वर्षांत एकदाच पाहिलेल्या माणसाला त्यांनी कसं ओळखलं, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं. आता वाटत नाही. हातातला हिरडा टोपलीत टाकून त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि ओट्याच्या कडेला ठेवला.

तात्या उंबऱ्यापासून दूर, अंगणातच उभे राहिले.

"पाणी घ्या, पावणं."

"चिमाबाई, मी भिवाचं सांगाया आलोय."

"आधी पाणी घ्या."

तात्या हलले नाहीत. चिमाबाईही हलल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्या घाबरतील, रडतील, निदान बसतील. त्या उभ्याच राहिल्या, नीट सरळ. मग शांतपणे म्हणाल्या, "मागं आलता तवा घेतलं व्हतं तुमी. त्या पाण्यावर मी या घरात सवाष्ण म्हणून राहिले. वैशाखात आमच्या नातीचं लगीन हाये. पहिली हळद मी दळायची हाये. तवा काय बोलायचं ते पाणी घेऊन बोला, न्हाईतर बोलू नका."

आतून जात्याची घरघर येत होती, तीही थांबली. त्या घरची सून दारात येऊन उभी राहिली. तिला काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला त्या क्षणी चिमाबाईंचा संताप आला. हा माणूस सत्तरी ओलांडून एक ओझं उतरवायला आला आहे आणि ही बाई त्याला उतरवू देत नाही, असं वाटलं. मग त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. उद्यापासून त्या घरात हळदी-कुंकवाला त्यांना कोण बोलावणार, नातीच्या लग्नात त्यांना कुठल्या कोपऱ्यात बसवणार, हे मला बाई म्हणून कुणी सांगायला नको होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

तात्यांनी तांब्या उचलला. दोन्ही हातांनी धरून, न थांबता, सगळा संपवला. चिमाबाईंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि विचारलं, "काय म्हणत व्हता?"

"काय न्हाई," तात्या म्हणाले. "बरं हाये तिकडं."

"मंग जेवून जावा," म्हणून त्या आत गेल्या. आम्ही जेवलो. नाचणीची भाकरी आणि कसलीशी भाजी होती.

परतीची एसटी जुन्नरजवळ आली. तात्या म्हणाले, मेजरसाहेबांना लिहा, बेपत्ता ते बेपत्ताच राहू द्या. मी म्हटलं, आणि भिवा पळाला म्हणतात त्याचं काय? "भिवाला मी मारला, बाई," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता तिला कशाला मारू?"

पुस्तक यायला खूप वर्षं गेली. इंग्रजी, जाड, गुळगुळीत कागदाचं. तात्यांची गन त्यात एका ओळीत होती, तिने रात्रभर जागा राखली असं. तात्यांचं नावही होतं. शेवटच्या यादीत बेपत्तांमध्ये भिवा. मी ते मराठीत करून वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, मी वाचलं.

आपल्या गावचा माणूस छापील पुस्तकात आला म्हणून ग्रामपंचायतीने सत्कार ठेवला. शाल, नारळ, फोटो. ज्या रात्रीबद्दल ती ओळ होती त्या रात्रीचं वर्णन सरपंचांनी इतकं रंगवून केलं की तिथे सरपंचच होते असं वाटावं. तात्या खुर्चीत हार घालून बसले होते. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. पूर्वी ते कुणालाही, कुठेही खरं सांगून टाकायचे. आता तेही गेलं, कारण बोरीत बोललेलं जुन्नरच्या बाजारात जातं आणि बाजारातलं घाटघरला. घाटघरहून आल्यापासून भिवाचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. पोरांनी पंधरा ऑगस्टला विचारलं तर तेलपाण्याचंही सांगेनात. मी शेजारी राहून रोज बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं.

मग माझी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात बदली झाली, निरगुडसरला. त्या वर्षांत उसात बिबट्यांचा सुळसुळाट झाला होता. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत दिवस मावळला की माणसं दारं लावून बसायची, शाळा लवकर सोडायची, विहिरीवरची मोटार चालू करायला जायचं तर चौघांनी मिळून जायचं. लोकांनी ओट्यांना लोखंडी जाळ्या बसवून घेतल्या. आमच्याकडे वन खात्याने पिंजरा लावला तेव्हा शिपाई म्हणाला, बाई, बिबट्या बाहेर आन् आपण आत, पिंजरा नक्की कुणाला लावलाय? अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मी बोरीला तात्यांना भेटायला गेले. दुपार कलती झाली होती.

तात्यांच्या मिशांबद्दल मी इतका वेळ लिहिलं नाही, कारण फौजी माणसाच्या मिशा सगळेच लिहितात. पण त्या होत्या, पांढऱ्या, भरघोस, टोकं वर वळलेली, आणि रोज सकाळी त्यांना तेल लागायचं. जाळीच्या आत ओट्यावर जो म्हातारा बसला होता त्याला मिशा नव्हत्या. डोकंही तुळतुळीत. मी ओळखलंच नाही. कुणी पाहुणे असतील असं समजून मी तात्या कुठे आहेत म्हणून त्यांनाच विचारलं.

सून म्हणाली, गेल्या आठवड्यात घाटघरहून निरोप आला. चिमाबाई गेल्या. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, पोत गळ्यात ठेवून त्यांना नेलं. सवाष्ण गेली म्हणून गावातल्या बायांनी पायावर डोकी ठेवली. दुसऱ्या दिवशी तात्यांनी न्हाव्याला बोलावून डोकं आणि मिशा उतरवल्या, मुलाला सोबत घेऊन कुकडी नदीवर जाऊन आंघोळ केली आणि घरात दहा दिवस गोडधोड करायचं नाही म्हणून सांगितलं. कुणाचं सुतक, हे मुलाने विचारलं नाही. त्याला माहीत होतं.

मी तात्यांजवळ बसले. त्यांचा वरचा ओठ पहिल्यांदाच दिसत होता, पातळ, लहान मुलाच्या ओठासारखा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दिवस मावळायच्या आतली एसटी मला पकडायची होती. मी पायरी उतरत होते, तेवढ्यात खालच्या आळीतला एक जण गवताचा भारा घेऊन घाईने घराकडे निघालेला रस्त्यात थबकला. जाळीतून त्याने तात्यांच्या डोक्याकडे बघितलं.

"तात्या, कोण गेलं वो?"

"भाऊ," तात्या म्हणाले.

"कोणता भाऊ? कवा?"

"भिवा. घाटघरचा. लई वरसं झाली जाऊन." तात्यांनी उठून जाळीचं दार उघडलं. "पळाला न्हाई तो. मी मारला. ये आत, सांगतो."

मी कोपऱ्यावरून वळून बघितलं. तो माणूस आत गेला नव्हता. अंधार पडायला आला होता, तरी भारा डोक्यावर तसाच ठेवून तो ऐकत उभा होता, आणि तात्या बोलत होते.